पाखरांचं कर्कश ओरडणं: त्यात काय असतं आणि ते कसं ऐकायचं

शास्त्राच्या वर्गवारीत कावळा गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये मोडतो आणि कोकीळ मोडत नाही. पहिल्यांदा ऐकलं की हे उलटंच वाटतं. पण आपल्या कानाला काय गोड लागतं यावरून ही वर्गवारी झालेली नाही. पक्ष्याचं कूळ कोणतं आणि आवाज काढायची त्याची यंत्रणा कशी घडली आहे, हे पाहून ती ठरते. त्या हिशेबानं कावळा, साळुंकी, बुलबुल, चिमणी, कोतवाल, सातभाई हे सगळे एका घरचे. कोकीळ, पोपट, पारवा, टिटवी बाहेरचे.

म्हणजे गाण्याची चांगली तयारी अंगात असलेला पक्षी दिवसभर 'काव काव' करत हिंडतो. त्याला दुसरं काही येत नाही असं मात्र नाही. जोडीदाराच्या मानेवरची पिसं साफ करत बसलेला कावळा घशातल्या घशात 'कुर्र' असा मऊ आवाज काढतो. फार जवळ असल्याशिवाय तो ऐकूच येत नाही. लांबच्याला सांगायचं असलं की तोच कावळा चिरक्या आवाजात ओरडतो, कारण लांबच्यासाठी तो आवाज कामाचा असतो. कर्कशपणा हा पाखराच्या गळ्यातला दोष नाही, ती त्याची गरज आहे. ही गोष्ट पटली की सकाळचा कलकलाट वेगळा ऐकू येऊ लागतो.

आता हा आवाज निघतो कुठून? माणसाचा आवाज कंठातून निघतो, म्हणजे श्वासनलिकेच्या वरच्या टोकाशी. पक्ष्याचा आवाज छातीत तयार होतो. श्वासनलिका खाली जिथं दोन फुप्फुसांकडे फुटते, त्या फाट्यावर एक छोटा अवयव असतो. मराठीत त्याला शब्दिनी म्हणतात, इंग्रजीत सिरिंक्स. तिच्यात पातळ पडदे असतात, हवा जाताना ते थरथरतात आणि आवाज होतो. गाणाऱ्या पक्ष्यांना फाट्याची डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी हलवता येते, त्यामुळे एकाच वेळी दोन स्वर काढणारे पक्षीसुद्धा आहेत. पोपटाची शब्दिनी थोडी वेगळी असते आणि शिवाय तो जाड जीभ हलवून आवाजाला आकार देतो, म्हणून 'विठू विठू' म्हणणं त्याला जमतं. अमेरिकेतल्या गिधाडांना तर शब्दिनीच नसते, ती नुसती फुसफुसतात. सोलापूरकडं हिप्परग्याच्या किंवा उजनीच्या पाण्यावर दिसणारा चित्रबलाक मोठा झाला की जवळजवळ मुकाच असतो. घरट्यावर तो चोचीचे दोन भाग एकमेकांवर आपटून खडखड करतो.

पडदे एका लयीत थरथरले की स्वच्छ सूर निघतो, कोकिळेच्या 'कुहू'सारखा. हवेचा दाब वाढवत नेला की एका क्षणी त्यांची लय मोडते. थरथर वेडीवाकडी होते, खालचे-वरचे सगळे सूर एकदम बाहेर पडतात आणि कानाला तो आवाज खरखरीत, फाटका लागतो. माणसाच्या गळ्यातही हेच घडतं. शांतपणे 'आ' म्हणा आणि मग जीव खाऊन ओरडा, आवाज फाटतो तो याच कारणानं. भुकेनं कळवळून रडणाऱ्या तान्ह्या बाळाचा आवाजही असाच फाटलेला असतो, आणि घरातलं कुणीही तो कानाआड करू शकत नाही. कान असलेल्या बहुतेक प्राण्यांचं तसंच आहे. सरळ सुराची सवय होऊन जाते, फाटक्या आवाजाची चटकन होत नाही.

हा फरक आता डोळ्यांनीही पाहता येतो. कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे. ते सुरू करून फोन खिडकीत ठेवला की पडद्यावर आवाजाचं चित्र सरकू लागतं. कोकीळ ओरडली की एक बारीक, वर चढत जाणारी रेघ उमटते. कावळा ओरडला की रेघांची उभी चळत दिसते, कडा फिसकटलेली. सातभाई भांडायला लागले की पडदा वरपासून खालपर्यंत काळा होतो.

कोकिळेचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो. 'कुहू' म्हणतो तो नर. मादीचा आवाज 'किक-किक-किक' असा घाईचा आणि टोचरा असतो. ठिपकेवाली, मळकट रंगाची ही मादी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते. कावळे अंगावर धावून आले की ती असं ओरडत झाडाझाडांतून पळते. 'कोकिळेसारखा गळा' अशी आपण बायकांच्या गळ्याची तारीफ करतो, पण तो गळा नराचा आहे.

टिटवी

सोलापूरच्या आसपास कर्कश आवाजाचा अभ्यास करायचा तर टिटवीपासून सुरुवात करावी. ती सगळीकडे आहे. विजापूर रोडच्या बाजूला, जुळे सोलापुरातल्या मोकळ्या प्लॉटांवर, कंबर तलावाच्या काठाला, नान्नजच्या माळावर. पिवळे उंच पाय, काळी छाती, डोळ्यापुढे तांबडी मांसल पट्टी. नान्नजकडं तिची पिवळ्या पट्टीची बहीणही दिसते, तिचा आवाज जरा बारीक आणि सौम्य. आपल्या तांबड्या पट्टीवालीचा आवाज मात्र सगळ्यांना पाठ असतो: 'टिटीटिव, टिटीटिव', न थांबता, डोक्यावर घिरट्या घालत.

मार्चपासून पावसाळ्यापर्यंत तिचा विणीचा काळ. ती झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर जरासा खळगा, भोवती चार खडे, बस. त्यात साधारण चार अंडी, मातीच्या रंगाची, त्यावर काळपट डाग, टोकाची बाजू आत करून मांडलेली. प्लॉटमध्ये मुरूम टाकलेला असला तर दोन हातांवरूनसुद्धा ती अंडी दिसत नाहीत. सोलापूरचा मे महिना म्हणजे चाळिशीच्या पुढचं ऊन. त्या उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून नर-मादी आळीपाळीनं बसतात, पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि ती ओल अंड्यांना देतात. साधारण चार आठवडे हे चालतं.

लपायला जागा नाही, पळून जायला अंड्यांना पाय नाहीत. मग टिटवीच्या हातात आवाज हेच शस्त्र उरतं. कुत्रं, मुंगूस किंवा माणूस जवळ आला की बसलेली टिटवी आधी मुकाट्यानं खाली मान घालून थोडी दूर चालत जाते आणि मग तिथून ओरडत उठते, म्हणजे घरटं नेमकं कुठं आहे ते कळू नये. दुसरी टिटवी येणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेते. अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं थोड्याच वेळात चालू लागतात, पण आई-बापाचा हा आवाज कानावर पडला की जिथं असतील तिथं जमिनीला चिकटतात आणि हलत नाहीत. आवाज शांत झाला की मगच उठतात. एकाच ओरडण्यात दोन निरोप असतात: शत्रूला 'निघ', पिल्लांना 'हलू नको'.

आणि आपण तिला अशुभ ठरवून बसलो आहोत. रात्री टिटवी ओरडली की कुणीतरी जाणार, असं आजही मोठी माणसं म्हणतात, काहीजण तर दगड मारून तिला हाकलतात. याचं मला फार वाईट वाटतं. टिटवी रात्रीही जागी असते, चांदण्यात चरते, आणि माळावरून कुत्रं, कोल्हा किंवा बॅटरी घेतलेला माणूस गेला की ओरडते. घरात कुणी अत्यवस्थ असेल तेव्हा घरची माणसं जागी असतात, अंगणात ये-जा चालू असते. टिटवी उठते ती त्या ये-जामुळं, आणि ती ऐकायला त्या रात्री कुणीतरी जागं असतं. इतर रात्रीही ती ओरडतेच, पण तेव्हा आपण झोपलेले असतो.

आपल्याच जुन्या गोष्टींनी टिटवीला यापेक्षा जास्त मान दिला आहे. समुद्रानं अंडी नेली म्हणून समुद्र आटवायला निघालेल्या टिटवीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. 'टिटवीदेखील समुद्र आटवते' ही म्हण त्यातूनच आली. त्या गोष्टीत टिटवीच्या हाकेला सगळी पाखरं गोळा होतात, आणि खऱ्या माळावरही तसंच घडतं.

गोळा करणारी हाक आणि लपवणारी हाक

ब्रिटनमधल्या छोट्या पक्ष्यांच्या आवाजावर पीटर मार्लर या शास्त्रज्ञानं १९५५ साली एक महत्त्वाची गोष्ट मांडली. आकाशात ससाणा दिसला की वेगवेगळ्या जातींचे छोटे पक्षी जवळजवळ एकसारखा आवाज काढतात: बारीक, उंच, 'सीऽऽ' असा, हळूच सुरू होणारा आणि हळूच विरणारा. पण झाडावर बसलेलं घुबड दिसलं की तेच पक्षी खरखरीत, तुटक, ठासून ओरडतात. असं का?

आवाज कुठून आला हे आपण दोन कानांच्या मदतीनं ओळखतो. एका कानाला तो किंचित आधी पोचतो, दुसऱ्याला नंतर, एकाला मोठा, दुसऱ्याला लहान. त्या फरकावरून मेंदू दिशा काढतो. एकदम सुरू होणारा, सगळे सूर एकत्र असलेला आवाज या कामाला सोपा. हळूच आलेली बारीक शीळ फार अवघड. म्हणून उडत्या शिकाऱ्यापासून वाचायचं असेल तेव्हा शीळ: सोबत्यांना कळावं, पण ससाण्याला ओरडणारा सापडू नये. बसलेल्या शिकाऱ्याला हुसकायचं असेल तेव्हा खरखर: मी इथं आहे, शत्रू इथं आहे, सगळे या.

सोलापुरात गिरण्या चालू होत्या तेव्हा भोंग्याचं काम हेच होतं. त्याचा सूर गोड असावा अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. तो झोपलेल्याला, न्हाणीतल्याला, चुलीपुढच्याला, सगळ्यांना एकदम ऐकू जायला हवा होता. सातभाईंचा गिल्ला याच जातीचा.

सातभाई एकदा तरी नीट पाहावेत. मातकट रंगाचे, लांब शेपटीचे, सात-आठच्या टोळीनं जमिनीवर पाला उलथत फिरतात. सगळे खाली चरत असताना बहुतेक वेळा एकजण उंच फांदीवर पहारा करत असतो. सोसायटीच्या बागेत मांजर आलं, बाभळीच्या ढोलीत पिंगळा दिसला किंवा कुंपणाखालून धामण गेली, की पहारेकरी सुरू होतो आणि क्षणात सगळी टोळी फांद्यांवर चढून एकसुरात भांडायला लागते. मग बुलबुल येतात. शिंपी येतो, अंगठ्याएवढा, पण आवाज सगळ्यांत टोकदार. दयाळ येतो. खार शेपटी झटकत 'चिक-चिक' लावते. पाच जाती एकमेकांची बोली समजून एकाच शत्रूकडं तोंड करून ओरडत असतात. घरात बसून ऐकणाऱ्याला हा नुसता गोंगाट वाटतो, पण बाहेर जाऊन पाहिलं तर सगळ्या चोची एकाच जागी रोखलेल्या दिसतात. त्या जागेकडं बघा, तिथं काहीतरी असतंच. सोलापूरच्या झाडांवरची घुबडं शोधायचा यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

या ओरडण्यात शत्रू कोण तेही सांगितलेलं असतं, हे गेल्या काही दशकांत सिद्ध झालं आहे. अमेरिकेतला चिकडी नावाचा छोटा पक्षी आपल्या 'चिक-अ-डी' हाकेत शेवटी किती वेळा 'डी' लावतो, हे शत्रूवर ठरतं. लहान, चपळ घुबड त्याच्यासाठी जास्त धोक्याचं, तिथं 'डी' जास्त. मोठ्या, सुस्त घुबडाला कमी. २००५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जपानमध्ये तोशिताका सुझुकी यांनी तिथल्या वल्गुली जातीच्या पक्ष्यांवर काम केलं. तिथं आई-बाप कावळ्यासाठी एक हाक देतात आणि सापासाठी दुसरी, खरखरीत 'जार' अशी. कावळ्याची हाक ऐकली की ढोलीतली पिल्लं तळाशी दबून बसतात, चोच पोचू नये म्हणून. सापाची हाक ऐकली की ती ढोलीतून बाहेर उड्या टाकतात, कारण साप आत शिरला की दबून बसण्यानं काहीच होत नाही. डोळ्यांनी साप न पाहता, नुसत्या आवाजावर.

आणि जिथं निरोप आहे तिथं खोटा निरोपही आला. कोतवाल दुसऱ्यांच्या आवाजाची नक्कल करण्यात तरबेज. आपल्याकडचा काळा कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याची हुबेहूब हाक देतो. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या कोतवालावर टॉम फ्लॉवर यांनी वर्षानुवर्षं काम केलं. तो कोतवाल इतर पक्ष्यांच्या आणि मीरकॅट नावाच्या प्राण्यांच्या धोक्याच्या हाका चोरतो, खोटीच ओरड करतो, ते घास टाकून पळाले की घास उचलतो. त्याच्या रोजच्या खाण्यातला पाव हिश्श्याच्या आसपास भाग असा मिळवलेला असतो. एक हाक सारखी वापरून लोक सावध झाले की तो दुसऱ्या जातीची हाक काढतो.

मराठीत हे आवाज कसे वापरतो

आपल्या भाषेनं पाखरांच्या आवाजाचं बारीक वर्गीकरण केलं आहे. चिमण्यांची चिवचिव, लहान पाखरांची किलबिल, कोकिळेचं कूजन, पारव्याचं घुमणं, कोंबड्याचं आरवणं. हे सगळे बऱ्या बाजूचे शब्द. दुसऱ्या बाजूला कावकाव, कलकलाट, कोकलणं, किंचाळणं, केकाटणं, चिरकणं. हे शब्द आपण पाखरांपेक्षा माणसांवरच जास्त खर्च करतो. 'काय कलकलाट लावलाय', 'कशाला कोकलतोस', 'सकाळपासून कावकाव चाललीय'. बोलणाऱ्याचं म्हणणं ऐकायचं नसलं की त्याच्या आवाजाला पाखराचं नाव द्यायचं, हा त्यातला मतलब. बायकांच्या बोलण्याला तर हे शब्द फारच सहज चिकटवले जातात. मला ते पटत नाही. टिटवीच्या बाबतीत जे झालं तेच इथं होतं: सांगणं काय आहे ते बाजूला राहतं, सूर तेवढा वाईट ठरतो.

जुन्या कवींचा कान मोठा होता. मोराचा आवाज हा खरं तर चांगलाच कर्कश असतो, मोठ्या मांजरानं जिवाच्या आकांतानं ओरडावं तसा. त्याला संस्कृतात आणि मराठीत केका म्हणतात. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) देवाला घातलेल्या आर्त हाकांना 'केकावली' हे नाव दिलं. मेघासाठी मोर ओरडतो तसा मी तुझ्यासाठी ओरडतो, असा तो भाव. भक्तीसाठी त्यांनी कोकिळेचं कूजन निवडलं नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीतही पंढरीरावाच्या येण्याचा शकुन सांगतो तो कावळाच, आणि तिथं त्याच्या आवाजाला शब्द आहे 'कोकताहे'. आज आपण रागानं म्हणतो ते कोकलणं त्याच्याच जवळचं.

सोलापुरात एक गंमत रोज कानावर पडते. मराठीत कावळा, कन्नडमध्ये कागे, तेलुगूत काकी, संस्कृतात काक. एका गल्लीत तीन भाषा बोलल्या जातात आणि तिन्हींनी या पक्ष्याचं नाव त्याच्या तोंडूनच घेतलेलं दिसतं. पाखरांच्या नावांचा असा धांडोळा घेण्यात आपल्या गावचे मारुती चितमपल्ली यांनी आयुष्य घालवलं. १९३२ साली सोलापुरात जन्मलेले, वनखात्यात नोकरी केलेले, आणि २०२५ साली सोलापुरातच गेलेले. जंगलातल्या लोकांकडून त्यांनी शेकडो नावं गोळा केली. बगळे-करकोच्यांच्या एकत्र घरट्यांच्या जागेला सारंगागार आणि कावळ्यांच्या वस्तीला काकागार हे शब्द त्यांनीच मराठीला दिले. विणीच्या दिवसांत सारंगागाराखाली उभं राहिलं की घोगऱ्या, घशातल्या आवाजांचा जो कल्लोळ ऐकू येतो, त्याला मात्र अजून चांगला एक शब्द मिळायचा आहे.

कावळ्याचा राग

सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मुखवटे घालून काही कावळे पकडले, पायात कडी घातली आणि सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कुणीही आवारातून गेलं की कावळे त्याच्या मागं लागून ओरडत. दुसरा मुखवटा घातला तर नाही. वर्षं गेली तसे ओरडणारे कावळे वाढत गेले. ज्यांना कधीच पकडलं नव्हतं तेही ओरडू लागले, कारण ओरडणाऱ्यांकडून ते शिकले. आपल्या चाळीत एखाद्यावरच कावळे धावून जातात आणि त्याला ग्रह-दशा विचारावीशी वाटते, तेव्हा हा प्रयोग आठवावा. बहुधा त्यानं कधीतरी घरट्याशी छेडछाड केलेली असते.

रागाचा आवाज ओळखायला एक सोपं सूत्र आहे. युजीन मॉर्टन यांनी १९७७ साली ते मांडलं: जो प्राणी अंगावर येणार असतो त्याचा आवाज जाड आणि खरखरीत होतो, जो घाबरलेला किंवा लाडात असतो त्याचा आवाज बारीक आणि स्वच्छ होतो. कुत्र्याचं गुरगुरणं आणि त्याचंच कुईकुई करणं आठवा. मोठ्या शरीराचा आवाज जाड असतो, म्हणून चिडलेला प्राणी आवाजानं मोठं असल्याचं दाखवतो.

माणसानं उसनी घेतलेली ओरड

ज्वारी राखणाऱ्या माणसाला हे सगळं न शिकवता माहीत असतं. हुरड्याच्या दिवसांत भोरड्यांचे थवे उतरले की माळ्यावरचा राखणदार 'हुर्रर्र' करतो, डबा बडवतो, गोफण फिरवतो. गोड शीळ घालून भोरड्या उठत नाहीत. द्राक्षबागांत आणि विमानतळांवर याची पुढची पायरी वापरतात: पकडलेल्या पक्ष्याची जिवाच्या भीतीची किंकाळी ध्वनिमुद्रित करून भोंग्यावरून ऐकवतात. पहिले काही दिवस थवे उडतात. मग त्यांच्या लक्षात येतं की ओरड आहे पण शिकारी नाही, आणि ते पुन्हा येऊन बसतात. म्हणून आवाज सतत बदलावे लागतात, आणि द्राक्षाला शेवटी जाळीच टाकावी लागते.

विमानांनी तर पाखराची ओरड शब्दासकट उचलली. इंग्रजीत पोपट-बदकांच्या कर्कश ओरडण्याला स्क्वॉक म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात रडारवर दिसणारा ठिपका आपल्या विमानाचा की शत्रूच्या, हे कळावं म्हणून विमानात एक यंत्र बसवलं गेलं. रडारनं विचारलं की ते आपोआप उत्तर पाठवी. त्या यंत्राचं गुप्त नाव होतं पोपट, म्हणून उत्तर देणं म्हणजे पोपटानं ओरडणं. युद्ध संपलं, शब्द राहिला. आज प्रवासी विमानाला हवाई नियंत्रण कक्ष चार आकडी स्क्वॉक क्रमांक देतो. प्रत्येक आकडा ० ते ७ मधलाच, त्यामुळे एकूण ४०९६ क्रमांक होतात. त्यातले तीन राखीव आहेत: ७५०० म्हणजे विमानाचं अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद पडला, ७७०० म्हणजे जिवावरचं संकट. वैमानिकानं ७७०० लावला की नियंत्रकाच्या पडद्यावर ते विमान लगेच ठळक होतं आणि बाकीची विमानं त्याला वाट देतात. एकानं ओरडायचं आणि सगळ्यांनी बघायचं, सातभाईंचाच नियम. २०२५ साली होटगी रोडवरून गोव्याची विमानसेवा सुरू झाल्यापासून आपली मुलंही फोनवर विमानांचे ठिपके बघत बसतात. त्यांना हे आकडे जरूर सांगावेत.

ओरडणाऱ्या पाखराचं काय करायचं

उन्हाळ्यात मोकळ्या प्लॉटवर टिटवी डोक्यावर आली तर जागच्या जागी थांबा, पायाखाली बघा आणि आल्या वाटेनं मागं या. अंडी शोधू नका. तुम्ही शोधत असताना झाडावरचा कावळा तुमच्याकडं बघत असतो. प्लॉटवर काम काढायचंच असेल आणि अंडी दिसली, तर तेवढा कोपरा चार दगड लावून काही आठवडे सोडून देता येतो.

संध्याकाळी वडा-पिंपळावर साळुंक्यांचा कलकलाट होतो तो भांडणाचा कमी आणि जागा ठरवण्याचा जास्त. अंधार पडला की अर्ध्या तासात थांबतो. त्यासाठी फटाके लावायची किंवा फांद्या तोडायची गरज नसते.

पिंजऱ्यातला पोपट सकाळ-संध्याकाळ किंचाळतो तेव्हा तो हट्ट करत नसतो. पोपट रात्री एकत्र झोपतात, पहाटे पांगतात, आणि त्या दोन्ही वेळी एकमेकांना हाका मारतात. त्यानं हाक मारली आहे आणि उत्तर आलेलं नाही. आपल्या देशी पोपटाला पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, याची कल्पना अजून बऱ्याच घरांना नाही.

आणि मे-जूनमध्ये अंगणात साळुंकीचं किंवा बुलबुलाचं पिल्लू 'चिर्र-चिर्र' करत बसलेलं सापडतं. लोक ते उचलून घरात आणतात, दूध-भात भरवतात आणि दोन दिवसांत ते दगावतं. अंगावर पिसं आलेली असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं. जरा लांब जाऊन थांबा. आसपास मोठ्या पाखरांची घाबरी ओरड चालू असेल तर आई-बाप तिथंच आहेत आणि तुमच्यामुळं खाली येत नाहीत. मांजराची भीती असेल तर पिल्लू उचलून जवळच्या झुडपात ठेवा. माणसाचा हात लागला की पाखरं पिल्लाला टाकून देतात, ही समजूत खोटी आहे. मग घरात जा आणि दार लावून घ्या. त्याच्या 'चिर्र-चिर्र'ला उत्तर द्यायला आई-बाप येतात. अंगावर पिसंच नसतील आणि घरटं दिसत असेल तर ते परत घरट्यात ठेवावं. जखम असेल तर खोक्यात मऊ कापड घालून, झाकण सैल लावून, वनविभागाला किंवा जवळच्या पक्षिमित्रांना कळवावं, तोवर त्याच्या चोचीत पाणी ओतू नये.